विरळणी नाकारणाऱ्या तायडेबाई

आदरणीय विमलताई तायडे यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त गौरवग्रंथासाठी काही लिहावे असे समितीने सांगितले तेव्हा मी आनंदाने होकार दिला आणि लगेच धास्तावलो. बाईंच्या हातून आमची लेखी कामे अनेकदा परत आलेली आहेत. "सर, यात विशेषणंच जास्त अन् काम कमी दिसून राहिलं," हा त्यांचा ठरलेला शेरा असे. तेव्हा विशेषणे आवरून, जे पाहिले तेवढेच सांगतो.

बाईंची आणि माझी पहिली भेट मोठी लाजिरवाणी झाली. अकोल्याहून तेल्हाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे हायस्कूल आहे. मी तिथे विज्ञान शिकवत होतो. अमरावतीहून नव्या मुख्याध्यापिका येणार, एवढेच आम्हाला ठाऊक होते. हार, नारळ, पेढे अशी सगळी तयारी कार्यालयात मांडलेली. मी नववी 'ब'च्या वर्गात परावर्तनाचे नियम सांगत असताना मागच्या दाराने साध्या सुती साडीतील एक बाई आत आल्या आणि सरळ शेवटच्या बाकावर बसल्या. मी आवाज चढवून म्हणालो, "बाई, पालकांनी तास संपेपर्यंत बाहेर थांबायचं असतं." त्या म्हणाल्या, "थांबतो ना. पण आरशाचा तेवढा प्रयोग होऊ द्या, मले पाहायचा हाये." वर्ग हसला. तास संपल्यावर त्यांनी आपली ओळख करून दिली आणि मी घाईघाईने माफी मागू लागलो. त्या मात्र निराळ्याच विचारात होत्या. "सर, शिकवता चांगलं. पण त्या खिडकीजवळच्या पोरीनं पूर्ण तासात तोंड उघडलं नाही. काहून? नाव काय तिचं?"

मला नाव आठवेना. हजेरीत रोज घेत होतो, पण चेहऱ्याला नाव चिकटलेले नव्हते. बाईंनीच तिला विचारले. ती होती नसरीन, गावातील रशीदभाई गादीवाल्यांची मुलगी.

शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे दर जूनचे काम. आमची पद्धत सोपी होती. मागील आराखड्यातील वर्ष बदलायचे, 'गुणवत्तेत वाढ करणे' आणि 'शालेय वातावरण आनंददायी करणे' ही दोन वाक्ये जागची हलवायची नाहीत आणि खाली सर्वांनी सह्या ठोकायच्या. बाईंनी तो कागद वाचला, घडी करून बाजूला ठेवला आणि शिक्षकांच्या खोलीतील फळा पुसायला सांगितला. "आराखडा इथं लिहायचा, खडूनं. चुकला तर पुसता आला पायजे," असे म्हणून त्यांनी एकच काम नेमून दिले. प्रत्येकाने आपला रिकामा तास दुसऱ्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून काढायचा. शिक्षकाचे काही लिहायचे नाही. तोंड न उघडणारी मुले कोणती, तेवढे पाहायचे.

आमच्यात कुरकुर झाली. पन्नाशीच्या माणसाला बाकात गुडघे मावत नाहीत, हे कारण सर्वात जोरात सांगितले गेले. बाई स्वतः रोज बसत, त्यामुळे फार काळ ते चालले नाही. शेवटच्या बाकावरून आम्हाला आमचीच शाळा नव्याने दिसली. फळ्यावर उजेड चमकतो आणि डावीकडच्या रांगेला अक्षरच दिसत नाही, हे मला वर्षानुवर्षे उभा राहून कळले नव्हते, ते बसल्यावर कळले.

बाईंचे सगळेच बेत काही सरळ तडीस गेले नाहीत, हेही सांगायला हवे. नाहीतर त्याच हा लेख परत पाठवतील. रोज मुलांनी एक रांग पुढे सरकायचे आणि पहिल्या रांगेने मागे जायचे, म्हणजे मागचे कायम मागे राहणार नाहीत, अशी एक कल्पना त्यांनी काढली. पहिल्याच आठवड्यात उंच मुले पुढे आली आणि बुटक्या मुलांना त्यांच्या पाठींखेरीज काही दिसेना. बाईंनी फळ्यावरची ती ओळ स्वतः पुसली आणि परिपाठाला मुलांपुढे म्हणाल्या, "हे मायं चुकलं. आता तुमीच सांगा कसं बसायचं." मुख्याध्यापिकेने चूक झाली असे म्हणणे आमच्या शाळेत नवीनच होते. उंच मुले कडेच्या रांगांत ठेवून बाकीच्यांनी जागा बदलायच्या, ही मुलांनी सुचवलेली व्यवस्था आजही चालू आहे.

फाटकाची गोष्ट तर गावाला तोंडपाठ आहे. घंटा झाली की फाटक बंद, उशिरा आलेल्यांनी परिपाठ संपेपर्यंत बाहेर उभे राहायचे, असा जुना नियम. बाहेर उभी राहणारी मुले बहुतेक तीच ती असत. एके दिवशी बाई शाळेत दिसेनात. परिपाठ सुरू झाला. तेवढ्यात आमचे शिपाई किसनभाऊ धावत आले, "सर, मॅडम फाटकाबाहेर उभ्या हायेत!" आम्ही गेलो. हिवरखेडकडून येणाऱ्या एसटीने आलेल्या मुलांच्या रांगेत बाई दप्तरासारखी पिशवी पोटाशी धरून उभ्या होत्या. किसनभाऊ कुलूप काढायला लागले तर म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. नियम हाये ना? मीबी उशिरा आली." त्या सकाळीच पुढच्या गावी जाऊन मुलांबरोबर त्याच एसटीत बसल्या होत्या. परिपाठ संपेपर्यंत त्या उन्हात उभ्या राहिल्या आणि मगच आत आल्या. दुसऱ्या दिवसापासून परिपाठ एसटी आल्यानंतर सुरू होऊ लागला. एवढी साधी गोष्ट तोवर आमच्यापैकी कोणालाही सुचली नव्हती.

माझ्यावर त्यांचे व्यक्तिगत ऋणही आहे. माझे वडील अमरावतीच्या दवाखान्यात होते आणि माझा जीव वर्गात अडकला होता. बाईंनी निरोप धाडला, "बापाजवळ बसा. तुमचे तास मी घेतो." बाईंचा विषय मराठी! मी परत आलो तेव्हा त्यांनी विद्युतधारेचा धडा शिकवून ठेवला होता. फळ्याच्या एका कोपऱ्यात मुलांच्या प्रश्नांची रांग होती आणि वर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले होते, 'हे मला येत नाही, सर आल्यावर विचारू.' त्यानंतर माझ्या तासाला मुले प्रश्न विचारू लागली ती कायमची. बाईंनाच येत नाही तर आपल्याला न आल्याची कसली लाज, असे त्यांना वाटले असावे. वडील पुढे वर्षभर होते. त्यांच्याजवळ बसायला मिळालेले ते दिवस मला बाईंनी दिले, हे मी विसरणार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे येतो.

शेतात दाट उगवले की काही रोपे उपटून टाकतात, म्हणजे उरलेली जोमाने वाढतात. त्याला विरळणी म्हणतात. आमच्या शाळेत नववीच्या शेवटी मुलांची विरळणी होत असे. दहावीत नापास होतील असे वाटणाऱ्यांच्या आईवडिलांना बोलावून, "बाहेरून परीक्षेला बसवा, पोराला ताण नको," असे गोड बोलून दाखला हातात द्यायचा. दहावीचा निकाल झळकायचा, फलक लागायचा. बाहेर गेलेल्यांपैकी बहुतेक जण परीक्षेपर्यंत पोचतच नसत. हे सारे आम्हाला ठाऊक होते, आणि आम्ही त्याला हसत हसत विरळणी म्हणत होतो.

बाईंच्या पहिल्या वर्षाअखेरीस विरळणीची नावे निघाली, त्यात नसरीन होती. बाई म्हणाल्या, "पिकाची विरळणी करतात, सर. लेकरांची नाही." सर्वच्या सर्व मुले दहावीत जातील, असे त्यांनी फळ्यावर लिहिले. संस्थेचे सचिव स्वतः शाळेत आले. माणूस वाईट नव्हता, पण निकाल पडला की पालक मुलांना दुसरीकडे नेतात आणि पट घटून तुकडी बंद पडते, ही त्यांची भीती खरी होती. त्यांनी आमच्यासमोरच सांगितले, "बाई, निकाल पडला तर ही खुर्ची सोडावी लागेल." बाईंनी विचारले, "एकट्या मलेच ना? बाकी कोणाले नाही?" सचिव म्हणाले, "तुम्हालाच." "मंग ठीक हाये," बाई म्हणाल्या आणि तासावर गेल्या.

ते वर्षभर आम्ही राबलो. अनुभवी शिक्षक 'अ' तुकडीला, नवखे 'ब'ला, ही रीत बाईंनी उलटी केली. 'अ'चे पालक चिडले, त्यांना बाईंनी एकेकाच्या घरी जाऊन समजावले. खिडकीजवळची नसरीन बोलू लागली, पुढे तर तिला गप्प बसवावे लागे.

आणि निकाल पडला. गेल्या कित्येक वर्षांत पडला नव्हता एवढा पडला. नसरीनही नापास झाली, आणि तेही विज्ञानात, माझ्या विषयात.

संस्थेने पालकांची सभा बोलावली. सचिवांनी निकाल वाचून दाखवला. मागच्या रांगेतून कोणीतरी "नवीन प्रयोग केले की असंच होते" असे म्हणाले. बाईंनी आपला बचाव केला नाही, आणि आम्हा शिक्षकांपैकीही कोणी त्यांच्या बाजूने उठले नाही. तेवढ्यात कपड्यांवर कापसाचे तंतू तसेच असलेले रशीदभाई उठले.

"साहेब, निकाल पडला म्हणून राहिले तुमी, बराबर हाये. माही पोट्टीबी फेल झाली. पण ती तुमच्या गिनतीत तं आली ना? नववीतच काढली असती तं तुमचा निकाल मस्त दिसला असता, अन् माही पोट्टी घरी गादीत कापूस भरत बसली असती. आतापर्यंत आमच्या लेकराईले कोणी फेल व्हायचीबी संधी देत नव्हतं. मॅडमनं देल्ली. आता अजून एक खेप द्या, एवढंच म्हणणं हाये मायं."

सभेत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण एक एक करून 'ब' तुकडीचे पालक उभे राहिले आणि बसेनात. सचिवांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "एक वर्ष देतो बाई. एकच." बाईंच्या डोळ्यांत मी पाणी पाहिले ते तेव्हाच.

दुसऱ्या सकाळपासून नापास मुलांचे वर्ग सुरू झाले. कोणाला आदेश गेला नव्हता, तरी सगळे शिक्षक आले. पुरवणी परीक्षेत नसरीन पास झाली. तिच्याबरोबरची सगळी काही झाली नाहीत. बाईंनी त्यांनाही सोडले नाही. संस्थेने दिलेले एक वर्ष सरले तेव्हा निकाल थोडा वर आला होता. सचिवांनी पुढे मुदतीचा विषयच काढला नाही. हळूहळू निकाल जुन्या जागी पोचला, आणि यावेळी सगळ्या मुलांना धरून पोचला. बाई निवृत्त होईपर्यंत त्या खुर्चीवर होत्या. खुर्चीवर म्हणजे कागदोपत्री. बसत त्या शेवटच्या बाकावरच.

आज ती खुर्ची माझ्याकडे आहे. यंदा शिक्षकांच्या बैठकीत नव्याने रुजू झालेला एक हुशार तरुण शिक्षक म्हणाला, "सर, आजूबाजूच्या शाळांचे निकाल पाहा. आपणही चार-दोन मुलं कमी केली तर?" मी त्याला नाही म्हणालो, पण आवाजात बाईंचा जोर आला नाही. बाईंना अमरावतीला फोन केला. त्या म्हणाल्या, "मी काय सांगू? उद्या येतो." गुडघे दुखत असूनही पहाटेच्या बसने आल्या, मागच्या दाराने नववी 'ब'मध्ये शिरल्या आणि त्या तरुण शिक्षकाचा तास पूर्ण ऐकला. तास संपल्यावर म्हणाल्या, "छान शिकवता तुमी. तो भिंतीजवळचा पोरगा गप्प होता. नाव काय त्याचं?" तो गोंधळला. त्याच्याकडे पाहताना मला आरशाचा तो तास आठवला. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. त्या मुलाचे नाव, त्याचे घर, तो का गप्प असतो, सगळे विचारून आला होता. विरळणीचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही.

नसरीन आता अकोल्याच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. बाई तपासणीला गेल्या की ती त्यांचा रक्तदाब पाहते आणि दटावते, "मॅडम, मीठ कमी करा, गोळी चुकवू नका." सगळ्या शाळेला शिस्त लावणाऱ्या बाई तिच्यापुढे मुकाट्याने मान हलवतात.

बाई, नसरीनचे ऐका. गुडघे सांभाळा, गोळी वेळेवर घ्या, आणि अमृतमहोत्सवाचा लेख परत पाठवायलाही तुम्हीच असा. शाळेतील शेवटचा बाक आम्ही रुंद करून घेतला आहे, तुमचे पाय आता नीट मावतील. तुम्ही आमच्यातून एकही लेकरू कमी होऊ दिले नाही. आता तुम्हाला आमच्यातून कमी करायला आम्हीही तयार नाही.