दहा मिनिटं पुढचं घड्याळ

माझ्या शहाणपणाचा हा किस्सा मीच सांगतो बुवा. दुसऱ्या कोणाकडून ऐकाल तर तो वरून फोडणी घालेल! चहा घ्या, हसू आलं तर खुशाल हसा.

लातुरात माझं डाळीचं दुकान. गल्लोगल्ली क्लास निघाले तसं मलाही राहवेना. दुकानाच्या वरच्या मजल्यावर वीस कॉम्प्युटर मांडले आणि लिनक्स शिकवायची लॅब काढली. कॉम्प्युटर मी कुठं शिकलो नाही. वायरी काढून, परत जोडून शिकलो. त्यामुळं मला सगळं येतं, असा माझा समज होता. शिकवायला ठेवलेल्या बिलोलीच्या सुनंदा मॅडमचा तो समज कधीच नव्हता.

मॅडमनी सोय झकास केलेली. मुलानं कुठल्याही मशीनवर बसावं, नाव-पासवर्ड टाकावा. मशीन आतल्या खोलीतल्या सर्व्हरला विचारणार, “ह्याला ओळखता का?” सर्व्हर हो म्हणाला की दार उघडलं.

त्या दिवशी अहमदपूरच्या कॉलेजचे प्राचार्य वीस पोरं घेऊन लॅब बघायला येणार होते. पसंत पडली तर कॉलेजचे सगळे तास आमच्याकडं. नाही पडली तर लॅबला कुलूप! पोरांची नावं मॅडमनी आदल्या दिवशीच सर्व्हरवर चढवलेली, लॉगिन करूनही बघितलेलं.

सकाळी लवकर जाऊन सर्व्हर पुसायला घेतला. बघतो तर काय, त्याचं घड्याळ आमच्या दुकानाच्या घड्याळापेक्षा दहा मिनिटं मागं! पाहुणे यायचे आणि हा ढिलेपणा? मालक म्हणून पासवर्ड माझ्याकडं होताच. ‘वेळ आपोआप जुळवा’समोरची खूण काढली, दहा मिनिटं पुढं सरकवली, उदबत्ती फिरवली आणि खाली आलो.

प्राचार्य आले. पोरं बसली. नाव टाकलं, पासवर्ड टाकला.

“सर, घेईना की!”

“माझंबी न्हाई!”

वीसच्या वीस मशीन ठप्प!

“पासवर्ड इसरले आसतील लेकाचे,” म्हणत मी आत गेलो आणि वीसही जणांचे पासवर्ड बदलून नवे सांगितले. तरी घेईना. मग मला उंदराची शंका आली. खाली डाळ म्हटल्यावर वर उंदीर येणारच ना? दोन हमाल बोलावले, टेबलं हलवली, वायरी तपासल्या. उंदीर तर नाहीच, वायरीला त्याचा दातही लागलेला नव्हता. सर्व्हर बंद करून चालू केला. चालू झाला, पण पोरांना ओळखच देईना!

“अप्पा, लई वेळ झाला,” प्राचार्य म्हणाले. “आमची परतीची बस हाय.”

माझा तोल गेला. सगळ्यांदेखत म्हणालो, “मॅडम, काल तुम्हीच कायतरी करून ठेवलाव!”

मॅडम सर्व्हरनं लिहून ठेवलेल्या नोंदी वाचत होत्या. मग मान वर केली.

“अप्पा, सर्व्हरच्या घड्याळाला कोणी हात लावला?”

“हात कशाला लावतंय कोण? मी फक्त दुरुस्त केलं.”

“कशाशी जुळवून?”

मी बोटानं खालचं दुकान दाखवलं.

आता काय सांगू? ते घड्याळ आमच्या वडिलांपासून दहा मिनिटं पुढं. हमाल वेळेवर यावेत म्हणून! भूकंपात भिंतीवरून पडलं, काच फुटली. परत लावताना आम्ही आधी ते दहा मिनिटं पुढं केलं, काच मग बसवली. हे माझ्या इतकं अंगवळणी पडलेलं, की घड्याळ पुढं आहे हेच सर्व्हरसमोर आठवलं नाही!

मॅडमनी प्राचार्यांना समजावलं, “सर, हा सर्व्हर वेळ घालून चिठ्ठी देतो. मशीनच्या आणि त्याच्या वेळेत पाच मिनिटांच्या वर फरक पडला की ती चिठ्ठी खोटी धरली जाते.” वेळ बरोबर केली, आणि वीसही पोरं आत!

प्राचार्य खूश. “उद्या दहाला अहमदपूरला या, सही करून टाकू.”

दुसऱ्या दिवशी आठची एसटी. दुकानातल्या घड्याळात आठला पाच कमी. म्हणजे खरे पावणेआठ! स्टँड हाकेच्या अंतरावर. निवांत आणखी एक चहा घेतला. स्टँडवर गेलो तर बस गेलेली!

आदल्या संध्याकाळी मॅडमनी स्टुलावर चढून ते घड्याळ बरोबर लावलेलं, हे मला कोण सांगणार?

पुढची गाडी धरून पोचलो तर पाऊण तास उशीर. प्राचार्यांनी मनगटाकडं बघितलं. “अप्पा, पाच मिन्टाच्या वर फरक तुमच्या सर्व्हरला चालत न्हाई. मलाबी न्हाई. काम तुम्हालाच दिलंय, पण लॅबची जबाबदारी मॅडमच्या नावानं लिव्हलीय. सहीला त्यांना धाडा.”

मुकाट परत आलो. म्हटलं, निदान सर्व्हर तरी बघावा. पासवर्ड टाकला. घेईना! परत टाकला. घेईना!

“मॅडम, घड्याळ परत बिघडलं वाटतं!”

“घड्याळ ठीक आहे, अप्पा,” मॅडम फळा पुसत म्हणाल्या. “तुमचं नाव काढलंय.”

आता माझ्या लॅबमध्ये अहमदपूरची पोरं कुठल्याही मशीनवर बसतात आणि क्षणात आत जातात. मालक तेवढा सर्व्हर पुसतो. तोही बंद असताना.