चार नंबरची मनधरणी

शाळेच्या रंगमंचावरचे दिवे वर्षातून एकदाच पुसले जातात, किस्से मात्र रोज साचतात. नारायण पेठेतल्या आमच्या शाळेचे दिवे माझा दादा सांभाळतो. सांभाळायचा. दिवाळीत गेला. आता मी सांभाळतो. नववीत शाळा सोडली आणि त्याच शाळेत शिडीवर चढलो!

हॉलच्या मागच्या माळ्यावरचा दिव्यांचा बोर्ड दादाने स्वतःच्या हाताने बांधलेला. यंदा कमिटीने सांगून टाकलं, "संमेलनात अडला, तर थेट भंगारात. कॉम्प्युटरवाला आणू." दादाचं तेवढंच तर उरलंय.

पण आधी मोज्यांचं ऐका.

*

पीटीच्या सरांना ओले मोजे वाळवायला एकच जागा आवडायची, विंगेतला मोठा हॅलोजन. एका संमेलनात राजा मेला, राणी रडायला लागली आणि विंगेतून धूर! मेलेला राजा ताडकन उठून बसला, "सर, तुमचे मोजे!" आणि परत मेला.

अभिनयाचं बक्षीस त्यालाच!

*

एकदा सगळेच दिवे गेले. दादाने फ्यूज बघितले, वायरी उचकटल्या, मला शिव्या घातल्या. पहिल्या रांगेतून एक पालक आले, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये होते. म्हणाले, "एकदा बंद करून चालू करून बघा ना."

"अहो साहेब, हा कॉम्प्युटर नाही," दादा हसला. तरी करून बघितलं. भक्कन उजेड!

दादा त्यांच्याकडे बघतच राहिला. "याचेच पगार देतात होय तिकडे?"

*

एका नाटकात चंद्रासाठी स्पॉटवर लावायचा पिवळा कागद चित्रकलेच्या बाईंनी आकाशकंदिलाला लावून टाकला. दादाने तो कंदीलच शेपट्यांसकट स्पॉटसमोर टांगला. नाटक संपल्यावर एक आजोबा म्हणाले, "धूमकेतू छान दाखवलात हो!"

दादा म्हणाला, "मेहनत आहे त्यामागे."

*

चार नंबर म्हणजे स्टेजच्या मधोमध पडणारा स्पॉट. भारी रुसका. दादा त्याला कधी मारायचा नाही. हात जोडून म्हणायचा, "अहो चार नंबर, आपण येताय, की आम्ही निघू?" की लागलाच! मुख्याध्यापिका बाई दरवर्षी ओरडायच्या, "दिव्याशी कसलं बोलता? मुलं बघतायत!"

यंदाच्या संमेलनात पहिलीतली एक मुलगी तबक घेऊन मधोमध येऊन उभी राहिली. मी चार नंबरचा खटका ओढला. अंधार. बोर्डाला बुक्की मारली. अंधार. लाथ घातली. अंधारच! कमिटीवाले माना वळवून वर बघायला लागले.

ते वाक्य मला पाठ होतं. तोंडातून फुटेना.

तेवढ्यात मुख्याध्यापिका बाई शिडी चढून वर आल्या. पदर खोचला.

"सरक बाजूला."

बोर्डासमोर उभ्या राहिल्या, हात जोडले.

"अहो चार नंबर, आपण येताय, की आम्ही निघू?"

चार नंबर लागला. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

"उशिराचं कारण?"