शून्याची दांडी

दुकानदारांचे तराजू दुरुस्त करण्यात तात्यांची चाळीस वर्षं गेली, पण परदेशात वापरायचं कार्ड निवडताना त्यांचा स्वतःचाच काटा स्थिर होईना. तिकडे लेकीचे दिवस भरत आले होते. पहिल्या नातवंडाचा पाळणा आपल्या पैशानं घ्यायचा, जावयाला खिशात हात घालू द्यायचा नाही, एवढाच त्यांचा हट्ट. त्यापायी आठवडाभर घरात येरझारा चालू होत्या.

"अहो, बसा की! फरशी झिजली," बायको म्हणाली. "त्या कार्डाला शुल्क शून्य आहे ना? घेऊन टाका."

"शून्य दाखवणाऱ्या काट्यातच दांडी मारून माप चोरलेलं असतं," म्हणत तात्यांनी पुन्हा चपला चढवल्या.

बँकेतल्या मुलीला त्यांनी थेट विचारलं, "आज बाजारात परदेशी चलनाचा दर काय आणि तुम्ही कितीनं देणार?"

ती हळूच म्हणाली, "काका, शुल्क नाही, पण दरात साडेतीन टक्के चढवतो आम्ही. हे दुसरं घ्या. वर्षाची फी आहे, पण दर बाजाराचाच."

तात्यांनी तेच घेतलं, घरी येऊन खुर्चीत टेकले आणि ताडकन उठले.

"अगं, जावयानं पाळणा आधीच आणला नसेल ना?"