बाबांनी लावलेला दिवा

अर्धांगवायूनंतर बाबांची जीभ जड झाली. त्यांनी शब्द सुरू केला की आई मायेने तो पूर्ण करायची. हळूहळू बाबांनी बोलणंच सोडलं.

त्यांना सारखं उठावं लागू नये म्हणून मी घरात दिवे-पंखे बसल्या जागेवरून चालवायची यंत्रणा घ्यायचं ठरवलं. दुकानात एक मोबाइलवर चालणारी होती, एक आवाजावर. मी पहिली घेणार होते, पण बाबांनी दुसरीकडे बोट दाखवलं.

जोडणी झाल्यावर ते म्हणाले, "दि... वा... ला..." दिवा लागला नाही. आई मदतीला सरसावली, तर त्यांनी हातानेच तिला अडवलं. दुपारभर ते आवाज ऐकणाऱ्या त्या छोट्या डबीशी बोलत बसले. डबीला त्यांची दया येत नव्हती आणि घाईही नव्हती. शब्द कळला नाही, की ती नुसती पुन्हा विचारायची. ऐकणाऱ्याने एवढंच केलं तरी माणसाला बोलावंसं वाटत असेल का?

संध्याकाळी खोली एकदम उजळली. मग बाबांनी तो दिवा कितीतरी वेळा उगीचच बंद-चालू केला.

जेवताना ते आईला म्हणाले, "आज... आ..."

'आमटी' हा शब्द आईच्या अगदी ओठांवर आला होता. पण ती डाव हातात धरून थांबली.

"आज... आवाज... कसा होता माझा?"

आई खळखळून हसली. "अगदी पहिल्यासारखा! हुकूम सोडणारा!"