आईला ओळखणारा लॅपटॉप

आज लॅपटॉप पुसताना कडेच्या फटीतलं कुंकू बोटाला लागलं आणि तो दिवस आठवला. जालन्याहून भोकरदनपर्यंत एसटीत मांडीवर सांभाळत आणलेला नवाकोरा लॅपटॉप मी देवघरापुढं पाटावर ठेवला. घरात एवढी एक वस्तू तरी फक्त माझी असावी, म्हणून चेहऱ्यानं उघडायचं कुलूप निवडलं. कॅमेरा सुरू झाला, तेवढ्यात आई हळद-कुंकू घेऊन मधेच वाकली आणि त्यानं तिचाच चेहरा नोंदवून घेतला. मी ओरडले, तर आई म्हणाली, "पूजा मी करून राह्यले, मंग मलाच वळखीन ना तो!" बाबांना हसू आवरेना. चेहरा नंतर बदलू म्हटलं, ते राहूनच गेलं. अजूनही तो मला पासवर्डचे आकडे विचारतो. आईनं नुसतं डोकावलं की उघडतो.