गेणूचं नरडं

गेणू जेवायला बसला की पंगत त्याच्याकडं बघायची. चार घास नीट जायचे, पाचवा छातीच्या हाडामागं अडकायचा. मग तो तांब्या तोंडाला लावायचा. तरी जाईना तेव्हा उठून दोन्ही हात वर करायचा, मान मागं टाकायचा आणि टाचांवर उड्या मारायचा. कधी आत काहीतरी सुटायचं आणि घास खाली उतरायचा. नाही उतरला तर कुडामागं जाऊन ओकून यायचा आणि पुन्हा पानावर बसायचा.

आंदर मावळातल्या त्या गावात लग्न असलं की लोक त्याला मुद्दाम मधोमध बसवायचे. "वाजंत्री थांबवा रं, रवंथ्या नाचायचाय," असं कुणीतरी म्हणायचं. रवंथ्या हे नाव त्याला तिथंच पडलं. गेणूही हसायचा. तोही काही गरीब गाय नव्हता. शेजारच्या तोतऱ्या माणसाला त्यानं जन्मात एक वाक्य पुरं करू दिलं नाही. पण खोंड शिकवावेत तर त्यानंच. भातखाचरात पाय न टाकणारा खोंड चार दिवसांत चिखलणीला जुंपून दाखवायचा.

तीन वर्षांत त्याच्या अंगावरचं मांस उतरलं. वैद्यानं आम्लपित्त म्हणून आवळ्याचं चूर्ण दिलं, भगतानं करणी म्हणून लिंबू उतरवून त्याचा रस पाजला. दोन्ही वर आलं.

एकोणीसशे चौतीसच्या चैत्रात जत्रा झाली आणि दुसऱ्या दिवशी गावदेवीचे चांदीचे डोळे जागेवर नव्हते. जत्रेच्या रात्री शेवटपर्यंत देवळात चौघंच होती: गुरव, पालखीचा एक भोई, गेणू आणि देऊळ झाडणारी रतनबाई. गावाची रीत होती. भगतानं मंतरलेला कोरडा तांदूळ देवीपुढं चावून गिळायचा, पाण्याचा थेंब नाही. चोराचं नरडं देवी धरते.

गुरवानं गिळला. भोयानं गिळला. गेणूनं चावला, गिळला आणि छातीवर हात दाबला. डोळ्यांतून पाणी आलं. हात वर करायची लाज वाटली, तरी केले. पण घास हलला नाही. देवीच्या पायरीवर सगळा तांदूळ पडला.

"धरलं," भगत म्हणाला.

देवळापुढं सगळा गाव उभा होता. ह्याच लोकांनी ह्याच नरड्याला तीन वर्षं हसून घेतलं होतं. गेणूनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं.

"आरं, माझं नरडं तुमाला ठावं न्हाई व्हय?"

रखमाजी पाटील म्हणाला, "ठावं हाय की. तीन वरसं देवी तुला आधीच सांगत व्हती, आसं म्हणायचं."

कुणीतरी फिसकन हसलं. चोर सापडला म्हटल्यावर पुढं तांदूळ कुणाला द्यायचा? रतनबाईच्या वाटणीचा तांदूळ भगतानं टोपलीत परत टाकला.

गेणूला वाळीत टाकलं. विहीर बंद, विस्तव बंद. आषाढात लावणीला सावड बंद झाली. मावळात सावडीवाचून भात लागत नाही. आज तुझ्या खाचरात वीस माणसं, उद्या माझ्या. गेणूच्या खाचरात तो आणि बायको कस्तुराबाई, दोघंच वाकली. निम्मं रोप वाफ्यातच पिवळं पडलं. बांधावरनं लोक ओरडायचे, "कस्तुरे, डोळं इकून मजूर आण की."

एकटी रतनबाई पहाटे कुंपणावरनं फुटक्या खापरात निखारे सरकवायची. बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "तुज्यामागं माजीच पाळी व्हती, गेणू."

श्रावणात पेजही वर यायला लागली, तेव्हा कस्तुराबाईचा भाऊ आला आणि गेणूला कामशेतापर्यंत चालवत, तिथून गाडीनं लोणावळ्याला घेऊन गेला. तिथं माधवराव डॉक्टर होते. त्यांनी आधी पोट दाबलं नाही. विचारलं, "जे वर येतं, ते आंबट लागतं का?"

"न्हाई. जसं गिळलं तसंच येतंय. रातची भाकर सकाळी येती, पर भाकरच आसती."

"छातीत जळजळ? घसा करपतो?"

"जळत न्हाई. दाटतंय."

"मग आम्लपित्त कोण म्हणालं तुला? पोटात पोचलंच नाही तर आंबट कुठून होणार? सगळा माल वाटेतच पडून राहतोय."

त्यांनी गेणूला पाण्याचा घोट तोंडात धरायला सांगितला, ऐकायची नळी छातीखालच्या खळगीवर लावली आणि हातात घड्याळ घेतलं. "आता गिळ." निरोगी माणसाचा घोट सात-आठ सेकंदांत खुळखुळत पोटात पडतो. डॉक्टर मिनिटभर ऐकत राहिले. आत काहीच पडलं नाही.

"अन्ननळीच्या तळाशी दार असतं. घास आला की ते आपोआप उघडतं. तुझं उघडत नाही. वरची नळी फुगून पखालीसारखी झाली असणार. पुण्याला जावं लागेल."

गेणूनं तांदळाची गोष्ट सांगितली. डॉक्टर घड्याळ खिशात टाकत म्हणाले, "अरे, भीतीनं तोंडाची लाळच आटते. साऱ्या गावासमोर कोरडे तांदूळ मला दिले असते तर मलाही गिळता आले नसते. त्यात चोरी कसली कळते?"

पुण्याच्या मोठ्या इस्पितळात त्याला खडूसारखं पांढरं पाणी पाजून फोटो काढला. फोटोत वर पखाल आणि खाली मुळ्याच्या शेपटासारखं टोक दिसलं. मग चार जणांनी त्याला धरलं आणि तोंडातनं लांब नळी घातली. नळीच्या टोकाला रबरी पिशवी होती. ती अडलेल्या दारात बसवून पाण्यानं फुगवली. गेणूला वाटलं, उभा चिरला. थुंकीत रक्त आलं. असं तीनदा केलं. चौथ्या दिवशी भाताचा घास खाली उतरल्याचं त्याला कळलंसुद्धा नाही. घास अजून यायचाय म्हणून तो थांबूनच राहिला होता.

कार्तिकात डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तो गावात आला. आधी रतनबाईच्या दारात गेला आणि डॉक्टरांचा शब्द न् शब्द तिला सांगितला. लाळ कशी आटते, तेही. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हंजी कुणाबी गरिबाचं नरडं धरंल की ह्ये."

चिठ्ठी पाटलानं उलटी-सुलटी करून परत दिली. "देवीला वाचता येतं व्हय?"

"मग तांदूळ द्या," गेणू म्हणाला.

गाव पुन्हा देवळापुढं जमला. गेणूनं मूठभर तांदूळ तोंडात टाकला, सावकाश चावला, गिळला आणि तोंड उघडून पाटलापुढं धरलं. आत दाणा नव्हता.

पाटील गालातल्या गालात हसला. "बरं झालं. आता मला एक सांग. चैतात देवीनं तुला धरलं, आज सोडलं. तवाचा तांदूळ खोटा का आत्ताचा? खोटा आसंल तर दोन्ही खोटं. मग तू व्हता तितंच."

डॉक्टरांचं बोलणं गेणूला पाठ होतं. ते इथं बोललं तर आत्ता गिळलेल्या तांदळाचीही किंमत उरत नव्हती. कस्तुराबाई बायकांच्या मागं उभी होती. पुढची लावणी आठ महिन्यांवर होती.

"तांदूळ खराच हाय," तो म्हणाला. "नरडं आजारी व्हतं."

"मंग चोर ऱ्हायला की अजून."

"ऱ्हायला आसंल."

"तुज्यामागं कुणाची पाळी व्हती रं?"

गेणूला नाव घ्यावं लागलं नाही. माणसं आपोआप बाजूला झाली आणि रतनबाई एकटी उरली. साठीची बाई, तोंडात पुढं दोन दात. भगतानं तिच्या तळहातावर तांदूळ ओतला. पाटील म्हणाला, "गेणू, तू जवळ बस. नरड्यातलं तुला कळतंय. तूच बघ."

रतनबाई चावत राहिली. गाल हलायचे, पण गळ्याची घाटी हलत नव्हती. तिनं गेणूकडं बघितलं. भरल्या तोंडानं शब्द नीट फुटेनात, तरी ती काय म्हणतेय ते त्याला कळलं.

"डाक्टर काय म्हनला… सांग की ह्यास्नी."

सगळे गेणूकडं बघत होते. त्यानं तिची हनुवटी धरली, तोंड उघडलं आणि आत बोट फिरवलं. पीठ झालेला तांदूळ टाळूला चिकटून बसला होता. त्यानं बोट धोतराला पुसलं, डॉक्टरांचा शब्द गिळला आणि पाटलाकडं वळून म्हणाला,

"कोरडं हाय."