ताडपत्री नेली कुठं?

यवतमाळच्या लॉ कॉलेजात आम्हाला साक्षीदारांची चौकशी कशी करावी हे शिकवलं. साक्षीदार वेगवेगळे बसवावेत, उत्तर प्रश्नातच घालू नये, हो-नाहीचे प्रश्न टाळावेत, उत्तरानंतर थोडं गप्प राहावं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून सगळं खरं मानून वहीत उतरवलं.

गुढीपाडव्याच्या आधी गावी गेले, तर मोठेबाबांची, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची, निळी ताडपत्री हरवलेली. संशय त्यांच्या सालदारावर, म्हणजे वर्षाच्या बोलीने शेतात राबणाऱ्या गड्यावर. सालदारांचं वर्ष पाडव्याला संपतं आणि नवं ठरतं. चोर ठरला असता तर त्याला गावात कुणीच ठेवलं नसतं.

पारावर पोलीस पाटलांची चौकशी दोन दिवसांपासून चालू होती. तिन्ही साक्षीदार एकाच चटईवर.

"याले निळी ताडपत्री नेतानी पाह्यलं ना तुमीनं?"

तिघांनी एकदमच माना हलवल्या.

"चोरली काय बे?" पाटलांनी सालदाराला विचारलं.

"नाही."

"पाहा, कबूलही करत नाही!"

मी भीतभीत म्हटलं, मी विचारू का?

"इचार माय," पाटील हसले. "वकीलच व्हाची हायेस तू."

पहिल्या साक्षीदाराला मी कडुनिंबाखाली नेलं. "काय पाहिलं ते पहिल्यापासून सांगा," म्हटलं. ताडपत्री पांढरकवड्याच्या बाजारातून कशी आणली, तिथपासून त्याने सुरुवात केली. दुसऱ्याचं बोलणं झाल्यावर मी गप्प राहिले, तर तो घाबरला. "पाणी आणा बे, पोरीले ऊन लागलं!" तिसरा म्हणाला, "त्या दोघाईनं जे सांगतलं, तेच माह्यं लिहून घे."

उरला सालदार. तो बाबांच्या शेजारीच बसला होता. वहीतले प्रश्न संपले होते, म्हणून साधंच विचारलं, "काका, ताडपत्री नेली कुठं?"

"तुह्या मामाच्या गावाले, बाई. त्याच्या पोरीचं लग्न जुळलं, साक्षगंधाच्या मांडवाले पाह्यजे होती. तुह्या बाबानं सांगतलं, मीनं डोक्यावर नेऊन बैलबंडीत टाकली."

"मग सांगितलं काहून नाही?"

"चोरली काय म्हून इचारलं, नाही म्हणलं. नेली कुठं म्हून कोणी इचारलंच नाही."

बाबा खाली बघत होते. थोरल्या भावाला न विचारता वस्तू दिली आणि दोन दिवस चौकशी ऐकत बसले होते. मी गप्प राहिले. या वेळी कुणी पाणी मागवलं नाही.

"मीच देली होती, दादा," बाबा म्हणाले.

"जाऊ दे, घरातलंच हाय," मोठेबाबांनी हात झटकला आणि सालदाराकडे वळले. "राह्य तू पुढच्या साली."

सालदार जागचा हलला नाही. "मालक, चोर हाव काय मी?"

मोठेबाबा खाकरले. ऊन फार वाढलं म्हणाले. तिन्ही साक्षीदार त्यांच्याकडेच बघत होते.

"नाही," ते शेवटी म्हणाले.

पाडव्याला तो पोलीस पाटलांच्या वावरात सालाने लागला. इचारलं तेवढंच बोलणारा माणूस कुठं भेटते, असं पाटील म्हणाले.